डावरा खाडीपलीकडे गेला तेव्हा

मी माईकवरून म्हणालो, "गेला, गेला, मधला स्टंप उडाला. शाब्बास रे डावऱ्या, गावाचं नाव राखलंस." आणि मैदान गप्प झालं. मग माझ्या लक्षात आलं की उडालेला स्टंप आमच्या कप्तानाचा होता.

डावरा त्या दिवशी आमच्याकडून खेळतच नव्हता. तो खाडीपलीकडच्या गावाकडून खेळत होता आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. दोन महिने गावात दुसरा विषय नव्हता. सकाळी दात घासायच्या आधी मी त्याला शिव्या देत होतो. पण त्याआधीची चार वर्षं त्याने विकेट काढली की माझ्या तोंडून हेच वाक्य जायचं. जीभ ही जुन्या बैलासारखी असते, घरच्या रस्त्याला लागली की हाकावी लागत नाही. त्यात कर्णे दोन. एक मैदानाच्या कडेच्या नारळाला बांधलेला, दुसरा वस्तीच्या बाजूला तोंड करून, म्हणजे घरात बसलेल्या म्हाताऱ्यांनाही मॅच ऐकू यावी. त्यामुळे माझी शाबासकी गावात प्रत्येक घरी पोचली.

कप्तान बॅट काखेत मारून माझ्या टेबलापाशी आला. दोन आंबराया आणि एक चिकूची वाडी असलेल्या घरचा मुलगा, वयाने माझ्याहून लहान. तो माईकवर वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाला, "दादा, तुमी पन पलीकडेच जा. बोलायला मानूस नाय त्यांच्याकडे."

लोक हसले. पलीकडचेही हसले. डावरा तेवढा हसला नाही. बॉल चड्डीला घासत तो आपल्या रनअपच्या टोकाला चालत गेला.

मॅच आम्ही हरलो. मी घरी पोचलो तेव्हा बायको ओसरीवर पालेभाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "ऐकलं. कर्णा आपल्याच घराकडं होता."

डावरा कोण ते सांगायला हवं. आमचं गाव बोईसरच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला. भात कापून झालं की शेतातली धसकटं काढायची, बांध थोडा सपाट करायचा, मधे शेणाने सारवून पीच करायचं आणि पावसाळा येईपर्यंत टेनिस बॉलचे सामने लावायचे, हा सगळ्या पट्टीचा धर्म. मी पालघरला एका कचेरीत कारकून होतो. मला बॅटिंग येत नसे, बॉलिंग येत नसे, आणि कॅच तर माझ्या हातात बसण्याऐवजी छातीवर बसत असे. पण आवाज मोठा होता, म्हणून मंडळाने मला माईक दिला, पुढे सेक्रेटरी केलं, आणि मंडळाच्या खोलीची किल्लीही माझ्याकडे आली. असं माणूस मोठं होतं.

डावऱ्याला स्वतःची वाडी नव्हती. त्याचा बाप कप्तानाच्याच चिकूच्या वाडीत राखणीला होता, कुडाच्या दोन खोल्यांत. आई वाडीतल्या मोगऱ्याच्या कळ्या खुडून बोईसरला पाठवायच्या कामावर. एक धाकटी बहीण. डावरा डाव्या हाताने बॉल टाकायचा आणि तो बॉल कुठे जाणार हे त्यालाच माहीत असायचं. टेनिस बॉल इतका आत कसा येतो हे बघायला पार केळव्याकडून माणसं सायकलवर यायची. तो टीममध्ये आल्यापासून आम्ही कप जिंकायला लागलो. शाळेतल्या कपाटात जागा पुरेना. आमच्या गावचा माणूस पालघरच्या बाजारात गेला की दुकानदार म्हणायचा, "डावऱ्याच्या गावचे का तुमी?" आणि आपणच बॉल टाकल्यासारखी मान डोलवायची. मीही डोलावली आहे. कचेरीत तर मी त्याला माझा लांबचा भाऊ म्हणून सांगितलं होतं. तो आमच्या जातीचाही नव्हता.

आता बघताना वाटतं, आम्ही त्याला दिलं काय होतं? एक जोडी कॅनव्हासचे बूट. मंडळाने घेतले होते. बाकी शाबासकी.

त्या वर्षी दिवाळीनंतर खाडीपलीकडच्या गावचा एक माणूस, बोईसरला लागून असलेल्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होता, तो डावऱ्याच्या घरी येऊन गेला. कारखान्यात कायम नोकरी. पण कारखान्याची टीम नव्हती, टीम होती त्याच्या गावाची, आणि खेळायचं तिच्याकडून. डावऱ्याने चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी तो कप्तानाकडे गेला आणि म्हणाला की बहिणीचं जमलंय, मे महिन्यात लग्न हाय, आमाला कायमचं काय तरी बघायला होवं.

कप्तान आम्हाला हे मंडळाच्या पडवीत सांगत होता. "मी त्याला म्हटलं, अरे, आमच्या वाडीत राहतो, आमच्या विहिरीचं पाणी पितो, आन् बॉल त्यांच्यासाठी टाकनार?"

"मग काय म्हनला?" कुणीतरी विचारलं.

"म्हनला, तुमच्या घरचं पानी पन आईच भरते."

यावर कुणी हसलं नाही. मला आठवतं, मी मान हलवून "मग्रूर झाला" असं म्हणालो. मला तो मग्रूर वाटला होता की नाही हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. पण पडवीत बसून माणूस जे म्हणतो ते सगळं त्याचं नसतं. थोडं पडवीचंही असतं.

पहिल्यांदा बूट परत मागितले. दोघे जण त्याच्या घरी गेले आणि म्हणाले, मंडळाची वस्तू मंडळात पाहिजे. डावऱ्याने ते दुसऱ्या दिवशी आणून दिले. धुऊन, खडूने पांढरे करून, नाड्या नव्या घालून. मी पावती करणार होतो. सेक्रेटरी होतो ना. कप्तानाने ते माझ्या हातातून घेतले, नाड्या एकमेकांना बांधल्या आणि मैदानाच्या रस्त्यावर विजेच्या तारेवर फेकले. पहिल्या झटक्याला बसले नाहीत, तिसऱ्याला बसले. बोईसरला कामाला जाताना डावऱ्याला रोज सायकलवरून त्याखालून जावं लागे.

मग सुरू झालं ते सांगायला मला लाज वाटते. पण तेव्हा मजा वाटत होती, हेही सांगतो. तो दिसला की कुणीतरी म्हणायचं, "बाजार काय भाव?" त्याच्या आईला कळ्या तोलून घेताना मुकादम म्हणायचा, "मावशी, ह्या आपल्याच वाडीच्या ना, का पलीकडे इकलेल्या?" कप्तानाची विहीर आता त्यांनी सोडली होती, आणि सार्वजनिक विहिरीवर त्याची बहीण आली की बायका बाजूला सरायच्या. भांडण नाही, शब्द नाही. फक्त जागा मोकळी व्हायची आणि ती एकटी पाणी काढायची. त्याच्या नावाने एक काळं कोंबडं उतरवून खाडीत सोडलं म्हणे कुणीतरी. कोंबडं पोहून पलीकडच्या गावाला लागलं असणार, असं मी म्हणालो होतो आणि त्या विनोदाला दाद मिळाली होती.

डावरा उलट बोलायचा नाही. हे लोकांना जास्त लागायचं. उलट बोलला असता तर एकदा मारामारी होऊन मिटलं असतं.

आणि या सगळ्यावर माझी शाबासकी आली.

त्या मॅचनंतर पडवीत माझं बसणं कठीण झालं. मी आलो की कुणीतरी माईकच्या आवाजात म्हणायचं, "आणि आले आहेत पलीकडचे कॉमेंट्रीवाले." चहा सांगितला की, "दादांचा चहा खाडीपलीकडं." एकाने तर मला सरळ विचारलं, "दादा, खरं सांगा, तुमाला पन नोकरी लावली काय त्यांनी?" हसत विचारलं, पण विचारून थांबला. उत्तराची वाट बघत. माझी नोकरी सरकारी होती, मला काय कोण लावणार. पण मी उगाच हसलो. गावात माणसाला एकदा बाजूला केलं की काय होतं ते मी विहिरीवर बघत होतोच.

घरी मी कण्हत बसायचो. बायको म्हणायची, "चार दिवस हसतील आन् विसरतील. तुमच्यात हसन्यासारकं लय हाय, एकावरच कशाला थांबतील."

पण मला चार दिवस काढवेनात.

एप्रिलमध्ये मंडळाची बैठक बसली. विषय होता पावसाआधी मंडळाच्या खोलीची कौलं परतायची. कौलं राहिली बाजूला. कप्तान म्हणाला, "त्याच्या बहिनीचं लगीन पुढच्या महिन्यात. भांडी मागाया येल आता." मंडळाच्या खोलीत लग्नाची भांडी असत. मोठे टोप, पराती, सतरंज्या. गावातल्या प्रत्येक लग्नाला ती जात.

"भांडी देव नये," कुणी म्हणालं.

"भांडी बोईसरला भाड्यानं मिळतात," दुसरा म्हणाला. "त्यात काय शिक्षा."

आणि मी बोललो. कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "भांडी मिळतील. झाप कुठून मिळतील?"

हे बाहेरच्या माणसाला उलगडून सांगावं लागेल. आमच्याकडे लग्नाचा मांडव भाड्याने आणत नसत. नारळाच्या झावळ्या विणून त्याचे झाप करतात, आणि लग्नाच्या आदल्या सकाळी गावातल्या प्रत्येक घरातून दोन झाप मुलीच्या अंगणात जातात. एक घरचा, एक पाहुण्यांचा, असं म्हणतात. श्रीमंत असो, गरीब असो, दोनच. त्या झापांचा मांडव घालायचा. आणि दुसरं, वऱ्हाड वेशीवर आलं की त्याला नारळ द्यायचा तो मुलीच्या बापाने नाही, गावाने द्यायचा. गावातला कुणीही कर्ता माणूस पुढे होतो, नारळ देतो, मगच वऱ्हाड आत येतं. याचा अर्थ एवढाच की ही मुलगी एका घराची नाही, गावाची आहे. ज्या मुलीला गाव नाही, तिला सासरी कोण विचारणार.

मी म्हणालो, "झाप कुणी नेऊ नये. आणि नारळालाही कुणी उभं राहू नये. मग बघूया, त्याचं गाव कुठलं ते."

 मग कप्तानाने माझ्या पाठीवर थाप मारली. "दादा, तुमी असं काय तरी बोललात की बरं वाटतं."

मलाही बरं वाटलं. तेच सांगायचंय. चालत घरी येताना माझं मन हलकं होतं. कितीतरी दिवसांनी मी वाटेत शीळ घातली.

बायकोला सांगितलं. ती पोळपाटावर भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "कुनाच्या डोक्यातून आलं ह्ये?" तिने विचारलं.

"मंडळाचा निर्णय आहे."

"मंडळाला डोकं कधीपासून आलं?"

मी हातपाय धुवायला गेलो. तिला कळलं असावं. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

लग्नाच्या आठ दिवस आधी डावरा आमच्या घरी आला. संध्याकाळची वेळ होती. कारखान्यातून सरळ आला असावा, नखांत निळा रंग होता, मानेवरही. ओसरीच्या खाली उभा राहिला. मी वर ये म्हणालो नाही, आणि तोही चढला नाही.

"दादा, भांडी नकोत," तो म्हणाला. "भांड्यांचं मी बघितलं हाय. झाप पन नकोत. कापडी मांडव आनीन. पन नारळाला कोन तरी होवं. तुमी उभे राहाल?"

मी म्हणालो, "मंडळाने ठरवलंय."

"तुमी मंडळातर्फे नका. असेच. दोन मिन्टं."

"असं कसं. मी सेक्रेटरी आहे."

त्याने नखातला रंग अंगठ्याने खरवडला. मग म्हणाला, "तुमी त्या दिवशी माईकवरून शाब्बास म्हनलात. मना वाटलं, एक तरी मानूस..." आणि थांबला.

हे त्याने बोलायला नको होतं. माझ्या नेमक्या दुखऱ्या जागेवर त्याने हात ठेवला. त्या मॅचपासून मी ज्या चुकीची किंमत चुकवत होतो, ती याला कौतुक वाटत होती. मी म्हणालो, "ते चुकून गेलं तोंडातून. तुझ्यासाठी नव्हतं ते."

त्याने मान हलवली. म्हणजे कळलं अशी. "बरं," म्हणाला. आत बायको दारात आली होती. तिच्याकडे बघून "येतो वैनी" म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

बायको आत वळली. रात्री भाजीत मीठ कमी होतं. मी मागितलं नाही.

लग्नाच्या आदल्या सकाळी मी कचेरीला सुट्टी घेतली होती. कशाला, विचारू नका. गावातला प्रत्येक कर्ता पुरुष त्या सकाळी काही ना काही कारणाने घरी होता आणि आपापल्या ओसरीवरून रस्त्याकडे बघत होता, कुणी झाप घेऊन निघतो का. आपण एकमेकांवर पहारा ठेवतोय हे प्रत्येकाला माहीत होतं. कुणी निघालं नाही. गावात झापांची कमी नव्हती. आमच्याच गोठ्यामागे विणलेले दहा-बारा पडले होते.

बायकोने आदल्या आठवड्यात दोन झाप वेगळे काढून भिंतीला लावले होते. मी ते बघितले होते. ती मला विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने विचारलं नाही. दुपारी तिने ते उचलले आणि परत ढिगावर टाकले. बाईमाणसाला त्या मांडवात जायचं तर घरचा झाप आधी गेलेला असावा लागतो. झाप पुरुषाने न्यायचे असतात.

डावऱ्याने बोईसरहून कापडी मांडव आणला. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, मागे कुठल्या तरी सभेला वापरलेला. तो, त्याचा बाप आणि डोंगराकडून वाडीत कामाला आलेली दोन माणसं, अशा चौघांनी तो उभा केला. खाडीपलीकडून कुणी येईल असं आम्हाला वाटत होतं. खरं सांगायचं तर आम्हाला ते हवंही होतं, म्हणजे बोलायला जागा मिळाली असती. पण पलीकडचंही कुणी आलं नाही. त्यांना त्याचा डावा हात हवा होता. बहिणीशी त्यांचा काय संबंध. तो सुपरवायझर तेवढा एका माणसाकरवी स्टीलचा डबा पाठवून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड पालघरच्या पलीकडून ट्रकने आलं. दहाची वेळ, मे महिना. वेशीवर रस्त्याखालच्या नाल्याची एक मोरी आहे, तिथून मंडळाची पडवी वीस पावलांवर. आम्ही सगळे पडवीत होतो. कॅरम मांडला होता. ट्रक थांबला, वाजंत्री उतरली, वाजवायला लागली आणि कुणी पुढे येत नाही बघून थोड्या वेळाने थांबली. ट्रकमधल्या बायकांनी डोक्यावर पदर ओढले. सावली नव्हती.

नवऱ्याचा मामा उतरला. पांढरा सदरा, टोपी, भारदस्त माणूस. त्याने इकडे तिकडे बघितलं. वाडीकडून डावरा आला, नवा शर्ट, हातात नारळ, मागे बाप. बापाला चालताना धाप लागत होती.

"रामराम," डावरा म्हणाला आणि नारळ पुढे केला.

मामाने हात पुढे केला नाही. "तू कोन?"

"मुलीचा भाव."

"भावाचा नारळ नाय घेत आमी. गावाचा होवा. गाव कुटं हाय?"

डावऱ्याने आमच्याकडे बघितलं. मामानेही बघितलं. आम्ही पंधरा-वीस माणसं, धुतलेले कपडे घालून पडवीत बसलेली. सणासारखी.

"ती मानसं ह्या गावचीच ना?" मामाने विचारलं.

डावऱ्याने नारळ दुसऱ्या हातात घेतला. मग त्याचा बाप पुढे झाला आणि पडवीकडे तोंड करून त्याने हात जोडले. कुणा एकाला नाही, सगळ्यांना. म्हातारा माणूस. त्याने मला लहानपणी चिकू दिले होते. सगळ्या गावच्या पोरांना दिले होते, मालकाला चोरून.

आमच्यातला एक मागून हळूच म्हणाला, "हाऊज दॅट." आणि दोन-चार जण हसले.

माझी पाळी होती. मी स्ट्रायकर लावला आणि मारला. काळी सोंगटी गेली. मी ती जाळीतून काढून बाजूला ठेवली, आणि पुन्हा स्ट्रायकर लावला. डावरा माझ्याकडे बघतोय हे मला बघावं लागलं नाही. मला आजही वाटतं की मी उठलो असतो तर वीस पावलंच होती. पण उठायचं ते पंधरा-वीस माणसांच्या नजरेतून उठायचं. ते अंतर काही पावलांत मोजत नाहीत.

तासभर वऱ्हाड उन्हात उभं होतं. मामा दोनदा ट्रकपाशी जाऊन आला, मधे वाटेवरच्या एका पोराकडून त्याने बॉलची सगळी हकिगत काढली. मग त्याने बापाला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, पण वाजंत्री बंद असल्याने सगळं ऐकू आलं. "हे बघा, मुलीचं लगीन आमी मोडत नाय. तिचा काय दोष. पन ज्या गावाला ती नको, त्या गावाच्या मांडवात आमचा मुलगा बसनार नाय. मुलीला ट्रकात बसवा. लगीन आमच्या दारात लावू. तुमी दोगं या. भाव नको."

"भाव नको?" बाप म्हणाला.

"त्याच्यामुळंच ना हे सगळं. उद्या तो आमच्या गावात आला, आन् आमच्या पोरांनी बॉल खेळायला धरला तर? नको. ती भानगड आमाला नको."

डावऱ्याने ऐकलं. त्याने नारळ मोरीच्या कठड्यावर ठेवला आणि तो घरी गेला. थोड्या वेळाने तो आईला आणि बहिणीला घेऊन आला. अंगाला हळद, पिवळी साडी, मुंडावळ्या बांधलेल्या. लग्न लागायच्या आधी मुलगी वेशीबाहेर जाते हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं. तिने चढताना डावऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. डाव्या. ट्रकची पायरी उंच होती. आईला दोन बायकांनी वर ओढून घेतलं. बाप पुढे बसला. डावरा खाली राहिला.

ट्रक वळला. धूळ खाली बसली तेव्हा तो मोरीवर उभाच होता. कप्तानाने कॅरमवर पावडर टाकली आणि म्हणाला, "कुनाची पाळी?"

कापडी मांडवात जेवण शिजलेलं होतं. ते कुणी खाल्लं नाही. डोंगराकडच्या त्या दोन माणसांना डावऱ्याने वाढलं आणि उरलेलं त्यांच्याकडे बांधून दिलं, असं नंतर कळलं.

पावसाआधीच ते घर वाडीतून गेलं. बोईसरला कारखान्याच्या कामगारांच्या चाळीत खोली घेतली, जिथे शेजारी हिंदी बोलतात आणि कोण कुठल्या गावचं ते कुणी विचारत नाही. डावरा पलीकडच्या गावाकडून आणखी एक मोसम खेळला. मग त्याचा खांदा गेला. खांदा गेल्यावर त्यांनीही त्याला बोलावणं सोडलं. नोकरी मात्र राहिली.

आम्ही हरायला लागलो. पहिल्या फेरीत, दुसऱ्या फेरीत. केळव्याकडची माणसं यायची बंद झाली. आणि तेव्हा, खोटं वाटेल, मंडळाने ठरवलं की डावऱ्याला परत आणावं. खांदा गेलेला कुणाला माहीत नव्हता. कप्तान म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं. आपलाच पोरगा हाय तो. रागावला असंल, समजूत घालू. दादा, तुमी जा. तुमचं बोलनं गोड."

मी पडवीतून उठून सरळ घरी आलो. मंडळाच्या खोलीची किल्ली, भांड्यांची वही, सगळं त्या संध्याकाळी कप्तानाच्या घरी टाकून आलो. कुणी कौतुक करावं असं काही नव्हतं त्यात. उशिरा आलेल्या शौर्याला आमच्याकडे वय झालं असं म्हणतात.

पण बोईसरला जायचं डोक्यातून जाईना. बाजारासाठी जायचोच, तेव्हा एकदा कारखान्याच्या फाटकासमोर तो दिसला होता. डबा घेऊन उभा, बसची वाट बघत. मी भाजीच्या गाडीमागे झालो. घरी आल्यावर चार दिवस तोच विचार. शेवटी एका रविवारी मी धुतलेला शर्ट चढवला, केस विंचरले आणि बायकोला म्हणालो, "मी जाऊन येतो त्यांच्याकडे. मंडळातर्फे नाही. माझ्यातर्फे. त्याला सांगतो की झाप आणि नारळाचं माझ्याच डोक्यातून आलं होतं. माफी मागतो. त्याच्या आईचीही."

ती ओटीवर बसून तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवलं. मला वाटलं, ती म्हणेल, बरं झालं, जा. किंवा म्हणेल, आता काय उपयोग. मी दोन्हीची तयारी केली होती.

तिने माझ्या शर्टाकडे बघितलं, केसांकडे बघितलं.

"नका जाव," ती म्हणाली. "तुमी गेलात तर त्या बाईला उटून तुमच्यासाठी चहा टाकाया लागेल."